रेघेखालची नऊ लेकरं

मी पाचवीत असताना आमच्या ओसरीत अंगणवाडी आली आणि ओसरी आमची राहिली नाही. माय सातवी शिकलेली, म्हणजे त्या वेळच्या आमच्या गावात जवळजवळ बॅरिस्टरच. गावात दुसरी मोकळी जागा नव्हती. तेव्हा नोकरी तिला आणि जागाही तिचीच, असा सोयीचा मार्ग सरकारनं काढला. आढ्याच्या लाकडात एक लोखंडी कडी ठोकली आणि तिला गोल तोंडाचा वजनकाटा लटकवला. काट्याखाली आकडा, आकड्याला कॅनव्हासची झोळी, झोळीला पाय घालायला दोन भोकं. लेकरू झोळीत घातलं की कडी कुरकुरायची, लेकरू टाहो फोडायचं आणि सुई थरथरत राहायची. महिन्यातले तीन दिवस हा आवाज चाले. बाकीचे दिवस गाण्यांचे आणि सुकडीचे. माय चुलीवर मोठ्या कढईत पीठ भाजायची, त्यात गूळ पडला की गल्लीतली कुत्री उंबऱ्याशी येऊन बसायची. आमच्या ताटात मात्र ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि पाऊस उतरला की हुलग्याचं माडगं. सुकडी सरकारची होती. माय तिच्यातला कणभरही मला देत नसे, आणि मी मागितलं की म्हणायची, "तू काय कुपोषित हायीस व्हय? गाल बघ तुझे."

एवढी काटेकोर बाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे ते वाचून कुणी तिला लबाड ठरवू नये. ती लबाड नव्हती. मी पुढं तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, सगळ्या तऱ्हेचे खोटे आकडे पाहिले, आणि त्यांतल्या एकाही आकड्यामागं मायसारखं माणूस मला दिसलं नाही.

आबा शेरडं राखायचे. सकाळी न्याहारी करून डोंगराकडं जायचे ते दिवस बुडता परत यायचे. घरात बोलणारं माणूस एकच, ते म्हणजे माय. ती बोलायची तेव्हा घर भरल्यासारखं वाटायचं. ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी तीही हळूहळू बोलायची थांबली. मला त्या वर्षातल्या गोष्टी स्वच्छ आठवतात. भांडी आठवतात, एसटीची सीट आठवते, शाईचा रंग आठवतो. त्या वेळी मला काय वाटत होतं, हे विचारलं तर मात्र सांगता येत नाही. मी ते विसरले आहे असं नाही. त्या वेळीच फारसं काही वाटत नव्हतं, आणि हे कुणाला सांगायची मला आजवर लाज वाटत आली.

आमचं गाव धारूरच्या अलीकडं, बालाघाटाच्या कडेला. जमीन मुरमाड, पाणी थोडं. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला जायचं. आमच्याकडं नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते नि डोक्यावर वाहते. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. बायको मागं राहिली तर नवरा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत जागा नाही. बाळंतीण असो, दुखणेकरी असो, गाडीत बसायचंच. लेकरं बरोबर जायची, उसाच्या पाचटात खेळायची, तिथंच झोपायची आणि पाडव्याच्या आसपास काळवंडून परत यायची.

तारा त्यांतलीच. सातवीपर्यंत ती आणि मी एका बाकावर. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, पाढे पाठ होते, आणि मास्तर म्हणायचे ही पोरगी नाव काढणार. सातवीनंतर बबनशी तिचं लग्न झालं, गावातल्या गावातच, आमच्या घरापासून चाळीस पावलांवर. मी एसटीनं कॉलेजला जाऊ लागले तेव्हा ती कडेवर पोर घेऊन दारात उभी असायची. पोरीचं नाव मंजुळा, सगळे मंजी म्हणायचे. "काय शिकायलीस गं नंदे?" ती विचारायची. मी "आकडे" म्हणायचे. "मंग मला बी येतेत की," असं म्हणून ती हसायची. तिला माझा हेवा वाटत असेल का, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझं लक्ष एसटीकडं असायचं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला जे सर संख्याशास्त्र शिकवत, ते फळ्यावर कमी लिहायचे आणि बाजाराच्या गोष्टी जास्त सांगायचे. एक दिवस वर्गात आल्या आल्या म्हणाले, "बाजारात एक शेळी आली तीस किलोची आणि एक कोंबडा आला चार किलोचा. जास्त दांडगा कोण, सांगा." आम्ही सगळे शेळी म्हणालो. सर म्हणाले, "अरे, तीस किलोच्या शेळ्या गल्लोगल्ली हायेत. चार किलोचा कोंबडा बघाय मात्र बाजार गोळा व्हतो. शेळीला शेळ्यांत बघा, कोंबड्याला कोंबड्यांत. आपल्या जातभाईंच्या सरासरीपासून कोण किती लांब गेलंय, ते मोजा. आणि लांबी मोजायची ती किलोत न्हाई, त्यांच्या त्यांच्या पसाऱ्याच्या मापानं." मग फळ्यावर मांडलं: नोंदीतून सरासरी वजा करा, उरेल त्याला प्रमाण विचलनानं भागा. येतो तो झेड. सरासरीवर असाल तर शून्य, वर असाल तर अधिक, खाली असाल तर उणे. किलो गेले, इंच गेले, मार्क गेले; आता कोंबडा आणि शेळी एका ओळीत उभे राहू शकतात.

आणि मग त्यांनी ती घंटा काढली. प्रसामान्य वितरणाचा वक्र. मध्ये गर्दी, दोन्ही कडांना विरळ. उणे एक ते अधिक एक यांच्यात शंभरातले अडुसष्ट, उणे दोन ते अधिक दोन यांच्यात पंच्याण्णव, आणि उणे तीनच्या खाली हजारात एखादा. "एखादा म्हंजी न्हाईच असं समजू नका," सर म्हणाले. "तो असतोय. फक्त आपल्या ओळखीचा नसतोय." वर्ग हसला. मी तीस वर्षं हाच धडा शिकवला. शेळी आणि कोंबडा मी त्यांच्याकडूनच उचलले. हे शेवटचं वाक्य मात्र मला कधी वर्गात म्हणता आलं नाही.

सहामाहीला प्रात्यक्षिक होतं. सरांनी बजावलं, पुस्तकातल्या नोंदी चालणार नाहीत, शंभराच्या आसपास खऱ्या नोंदी आणा, झेड काढा, आलेख काढा, घंटा येते का बघा. कुणी शेंगांतले दाणे मोजले, कुणी वर्गातल्या पोरांच्या उंच्या घेतल्या. माझ्या तर घरातच काटा टांगलेला. गावात चौऱ्याण्णव लेकरं वजनाला येत होती. प्रत्येकाचं वय वेगळं, म्हणून नुसती वजनं शेजारी मांडून उपयोग नव्हता. सहा महिन्यांचं सात किलोचं लेकरू बाळसेदार आणि चार वर्षांचं सात किलोचं म्हणजे नुसती हाडं. ज्याला त्याला त्याच्या वयात बघायचं. सरांनी मला एका जाड पुस्तकातून वयाप्रमाणं सरासरी वजनं आणि विचलनं उतरवून दिली. "लई झकास," ते म्हणाले. "ह्याच्यासाठीच झेड काढलाय माणसानं."

आता त्या वेळचा तक्ता समजावून सांगायला हवा. प्रत्येक लेकराचा एक कागद असायचा, त्यावर वळणदार रेघा. दर महिन्याला वजनाचं टिंब द्यायचं. सगळ्यांत खालच्या रेघेखाली टिंब पडलं तर ते लाल पेन्सिलीनं काढायचं, आणि लाल टिंबाच्या लेकराला आईसकट पंधरा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात राहावं लागायचं, नंतरही दर आठवड्याला दाखवायला न्यावं लागायचं. म्हणजे आईनं ऊसतोडीला जायचं नाही. आता अंगणवाडीच्या ताईंजवळ फोन असतो. त्यात वजन घातलं की पडदा आपोआप लाल होतो. तो ज्यामुळं लाल होतो तो झेडच आहे, पण मी हे एका तरुण ताईला सांगितलं तेव्हा ती "असं का मॅडम" म्हणाली आणि पुढच्या लेकराला हाक मारली.

दसऱ्याच्या सुट्टीत तीन दिवस वजनं होती. शेवटच्या दिवशी मी मायच्या हाताखाली होते, वही धरायला. सकाळी जरा गारवा होता. माय एका लेकराला कॅनव्हासच्या झोळीत घालायची, तर मध्येच एखाद्याला गोधडीच्या झोळीत. ही झोळी तिनं घरीच शिवलेली, चांगली जाड, चारी टोकांना सुतळी. "कॅनव्हास गार लागतंय लेकराला, वरडतंय," एवढंच म्हणायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. गोधडीत लेकरं खरंच शांत बसत होती आणि सुई लवकर थांबत होती.

तारा आली ती सासूबरोबर. मंजी वीस महिन्यांची, पण मान अजून एका बाजूला टाकायची. तिचे केस विरळ आणि तांबूस झाले होते. कपाळावर नारायणगडाचा अंगारा. सासू ओसरीत पाय ठेवायच्या आधीच बोलायला लागली, "बाई, लाल बिल करू नका बरं का. पुढच्या आयतवारी गाडी हाय. माझ्या पोराचा कोयता मोडल. गडाचा अंगारा लावलाय, दोन दिसांत पोरगी खेळाय लागंल." मायनं कॅनव्हास काढून गोधडी अडकवली. मंजी रडलीही नाही. सुई साडेसातच्या थोडी पुढं थांबली. "सात किलो सहाशे," माय म्हणाली, आणि मी वहीत लिहिलं. "बरं हाय. रेघेच्या वर हाय." सासूनं लगेच पोर उचलली. तारा काट्याकडं बघत नव्हती, मायच्या तोंडाकडं बघत होती. "काकू, नीट बघा," ती म्हणाली. मायनं सुईकडं पुन्हा बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बघितलं गं बाई. भिऊ नको." तारा गेली. मी पुढचं नाव पुकारलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी ओसरीत बसून झेड काढत होते. कॅल्क्युलेटर नव्हता. चौऱ्याण्णव वजाबाक्या, चौऱ्याण्णव भागाकार. ते काम मला आवडायचं, कारण ते करताना दुसरं काहीच डोक्यात येत नसे. मंजीच्या वयाला सरासरी साडेदहा, विचलन सव्वा. सात पूर्णांक सहामधून साडेदहा गेले, उणे दोन पूर्णांक नऊ; भागिले सव्वा, उणे दोन पूर्णांक बत्तीस. असे सगळे. मग खाने पाडून आलेख काढला. आमच्या गावाची घंटा मुळातच डावीकडं सरकलेली होती, तिचं टोक शून्याच्या बरंच अलीकडं. तेवढं मला अपेक्षितच होतं. पण डावी बाजू उतरता उतरता एकदम फुगली होती, आणि त्या फुगवट्याच्या पलीकडं खड्डा होता. तक्त्यावरची खालची रेघ माझ्या मापानं उणे दोन पूर्णांक चारच्या आसपास येत होती. वक्राप्रमाणं तिच्या खाली दहाएक लेकरं असायला हवी होती. होतं एकच. ते दुकानदाराच्या भावाचं, ज्यांच्या घरातलं कुणीच ऊस तोडायला जात नव्हतं.

हे शेवटचं माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. सुट्टी संपली तशी मी आपली आलेख घेऊन सरांकडं गेले. त्यांनी चष्मा वर करून कागद बघितला, फुगवट्यावर बोट ठेवलं आणि मग खड्ड्यावर. "हितं कायतरी झालंय," ते म्हणाले. "देव असे खड्डे पाडत न्हाई. वजन कोण घेतंय?" मी म्हणाले, "अंगणवाडीच्या बाई." माझी माय आहे, हे सांगितलं नाही. "मंग काटा तपास. न्हाईतर बाईला तपास." शेजारची दोन पोरं हसली. मीही हसले, आणि एसटीत बसल्यावर मला ती गोधडीची झोळी आठवली.

घरी आले तेव्हा दुपार होती. माय मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी ओसरीत गेले, रिकामी कॅनव्हासची झोळी अडकवून सुई शून्यावर आणली, जशी ती आणायची. मग झोळी काढून गोधडी अडकवली. सुई नऊशे ग्रॅमवर गेली आणि थांबली. मी ती पुन्हा काढली, पुन्हा लावली. नऊशेच. मी तशीच उभी होते तेवढ्यात माय हात पुसत आत आली. तिनं काट्याकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ही झोळी नऊशे ग्रॅम भरतीय," मी म्हणाले.

"भरंल की. गोधडीच हाय ती."

"तू सुई शून्यावर घेत न्हाईस हिला."

"काट्यानं दावलं ते लिवलं. एक आकडा मी मनचा लिवला न्हाई, देवाशपथ."

"कावून केलंस माय?"

ती खाली बसली. "सखूच्या पोराला दोन सालामागं लाल केलतं मी. ध्यानात हाय का? सखू ऱ्हायली दवाखान्यात. नवऱ्यानं तिच्या धाकट्या बहिणीला नेलं आन् कोयता पुरा केला. पाडव्याला आला तवा बहीणच घरात ऱ्हायली. सखू आठ दिस ह्या वसरीत झोपली, ठावं न्हाई का तुला? पोरगं जगलं. पण बाईचं काय झालं? परवा तिची माय मला बघून वाटंत थुकली."

"किती लेकरांना गोधडी लावलीस?"

मला वाटलं ती टाळेल. तिनं वहीकडं न बघता नऊ नावं सांगितली, एका दमात. आठवं नाव मंजीचं होतं.

मी कागद घेऊन तिथंच वजाबाकी केली. सहा पूर्णांक सात. उणे तीन पूर्णांक शून्य चार. "माय, मंजी उणे तीनच्या खाली हाय," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"हजार लेकरांत एखादं असतंय असं."

"आपल्या गावात हजार लेकरं कुठं हायेत," माय म्हणाली आणि चूल पेटवायला उठली. आज हे सांगताना कुणाला ती हसण्यावारी नेते आहे असं वाटेल. तसं नव्हतं. तिला खरंच वाटलं की एवढ्या मोठ्या आकड्यातलं संकट आमच्या एवढ्याशा गावाला शोधत कशाला येईल.

गाडी निघायला चार दिवस होते. तारेचं घर चाळीस पावलांवर होतं. मी जायला हवं होतं. मी गेले नाही, आणि का गेले नाही हे मला नीट ठाऊक आहे, त्याला संख्याशास्त्र लागत नाही. बोभाटा झाला असता, वही तपासायला वरून कुणीतरी आलं असतं, मायची नोकरी गेली असती, आणि मायची नोकरी गेली असती तर माझं कॉलेज गेलं असतं. मी घाबरले. माझ्यासाठी घाबरले. एक दिवस ती भीती छातीत होती, दुसऱ्या दिवशी तीही उरली नाही. मी भाकरी खाल्ली, आबांनी तोडून आणलेला चारा शेरडांपुढं टाकला, केस विंचरले. हातपाय आपापली कामं करत होते. तारा पाण्याला जाताना दोनदा दिसली. एकदा तिनं "झाले का आकडे?" असं विचारलं, आणि मी "होत आलेत" म्हणाले.

आणि मग मी काय केलं, तर प्रात्यक्षिक दुरुस्त केलं. त्या नऊ लेकरांच्या वजनातून नऊशे ग्रॅम वजा केले, झेड पुन्हा काढले, नवा आलेख निळ्या शाईनं काढला. फुगवटा गेला, खड्डा भरला, डावीकडचा उतार सावकाश खाली गेला. कुणी हातानं घासून ठेवावा इतका साफ. सगळ्यांत डावीकडच्या खान्यात एकच चौकोन, तो मंजीचा. सरांना सांगितलं, काट्यात चूक होती, ती काढली. ते खूश झाले. "चूक सापडली म्हंजी अर्धं संख्याशास्त्र आलं तुला," म्हणाले. पंचवीसपैकी पंचवीस मिळाले. मायच्या वहीत मंजी सात किलो सहाशेच राहिली. तिचं खरं वजन सगळ्या जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीत, आणि तिथं वजनाशेजारी नाव लिहायची पद्धत नव्हती.

रविवारी सकाळी गाडी आली. ट्रकमध्ये भांडी, सरपण, कोंबड्या, म्हाताऱ्या, लेकरं. गल्लीत धपाट्यांचा वास होता; वाटेत खायला म्हणून प्रत्येक घरी बांधलेले. माय उंबऱ्यात उभी राहून ज्याच्या त्याच्या हातात सुकडीची पुडी देत होती. घरात कणभर न मिळणारी सुकडी त्या दिवशी तिनं पदरात घेऊन वाटली. तारेला दोन पुड्या दिल्या. तारा वर चढली, नवऱ्यानं खालून मंजीला तिच्या हातात दिलं, आणि गाडी हलली. मला हात करायचं सुचलं नाही.

निरोप आला तो संक्रांतीच्या नंतर. टोळीतला एक माणूस दुखणं घेऊन परत आला होता, तो ओसरीच्या पायरीवर बसून पाणी पीत म्हणाला, "बबनची पोरगी गेली, बाई. जुलाब लागले. दोन दिस बी न्हाई काढले." माय भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग पुढची घेतली. तो माणूस गेल्यावर तिनं हात धुतले, वही काढली आणि मंजुळाच्या नावावर आडवी रेघ मारली. तिला वहीत तसं करावंच लागायचं. मी समोर बसले होते. मला रडू आलं नाही. रडू यावं म्हणून मी मंजीचं तोंड आठवायचा प्रयत्न केला, तर तिचा झेड आठवला. तो अजूनही आठवतो, दोन दशांश स्थळांपर्यंत.

त्या महिन्यापासून मायनं सगळ्या लेकरांची वजनं कॅनव्हासमध्ये, उघड्या अंगानं घेतली. पुढच्या दसऱ्याला सहा टिंबं लाल पडली. लोक आमच्या दारात येऊन तिला शिव्या देऊन गेले, एकानं काटा फोडायची धमकी दिली. ती ऐकून घ्यायची आणि लाल पेन्सिलीला टोक काढायची. घरात बोलायची मात्र थांबली ती थांबलीच. आम्ही दोघींनी मंजीचं नाव एकमेकींसमोर कधी घेतलं नाही. मायच्या शेवटच्या आजारपणात मी महिनाभर तिच्या उशाशी होते, तेव्हाही नाही.

तारा पाडव्याला आली. मी चार-पाच दिवस तिच्या घरावरून जायचं टाळलं. मग एक दिवस दुपारी हापशावर ती एकटीच दिसली. उन्हानं काळी पडलेली, हाताला पाल्यानं कापल्याच्या रेघा. मी घागर घेऊन गेले. काय बोलावं हे मी घरून ठरवून गेले होते, कारण न ठरवता बोललं तर मी बोलणार नाही हे मला माहीत होतं.

"तारे," मी म्हणाले, "मंजीचं वजन चुकीचं लिवलं व्हतं. नऊशे ग्रॅम जास्त. मायनं केलं तुझ्या भल्यासाठी. पण ती रेघेच्या लई खाली व्हती."

ती हापसत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, मला ढकलेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला ठावं व्हतं की," ती म्हणाली. "दीड वरीस कडंवर व्हती माझ्या. पोरगी हलकी व्हायली हे मला काट्यानं सांगाय लागतंय व्हय?"

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"कुणापाशी बोलू? सासूपाशी? नवऱ्यापाशी? माझ्या म्हणण्यानं गाडी थांबती का?" तिनं घागर थोडी सरकवली. "मला लाल टिंब पाहिजे व्हतं नंदे. सरकारचा कागद. त्यापुढं सासू बी गप बसली असती. मी वाट बघायलते, काकू कवा लाल म्हणती म्हणून. मला ठिवून घेतलं असतं तर नवऱ्यानं दुसरी केली असती, करू दे. पोरगी तर ऱ्हायली असती."

पाणी घागरीत पडत होतं.

"काकूनं सांगितलं का तुला, जास्त लिवलंय म्हणून?" तिनं विचारलं.

"न्हाई. माझ्या गणितात आलं ते."

"कवा?"

खोटं बोलता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं.

"तुमची गाडी निघायच्या चार दिस आधी," मी म्हणाले.

तिचा हात दांड्यावर थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग चाळीस पावलांवरच्या आपल्या दाराकडं बघितलं. "चार दिस," ती म्हणाली. घागर अर्धीच भरली होती. ती तिनं तशीच उचलली आणि निघून गेली.